पिचकारी, तेल आणि ब्लेझ पास्कल

पास्कलचा नियम आपण सगळ्यांनीच शाळेत पाठ केलेला असतो. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. आकृती काढा, भागांना नावं द्या, तीन मार्क. हा पास्कल कोण, कुठला, त्याला हे कशावरून सुचलं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पुढे कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला त्याचं नाव पुन्हा भेटलं. निकलाऊस विर्थ यांनी १९७० मध्ये केलेल्या एका प्रोग्रॅमिंग भाषेला पास्कल हे नाव दिलं होतं. आमच्या वेळेपर्यंत लॅबमध्ये सी आणि जावा आलेली, त्यामुळे पास्कल हा फक्त इतिहासाच्या धड्यातला एक शब्द राहिला.

यंदा त्याची नीट ओळख झाली ती सलव्यात, गाडीच्या बॉनेटखाली.

सलवा म्हणजे कुवेत शहराच्या दक्षिणेला समुद्राला लागून असलेली वस्ती, रुमैथिया आणि मिशरफच्या शेजारची. आमच्याकडे तेरा वर्षांची एक जपानी गाडी आहे. ती जास्त करून बायकोच चालवते, कारण ती नर्स आहे आणि तिच्या ड्युटीच्या वेळा कुठल्याच बसला जुळत नाहीत. मार्चपासून ती म्हणत होती की स्टिअरिंग जड लागतंय, पार्किंगमध्ये वळवताना गाडी कण्हते, आणि नाइट संपवून घरी येईपर्यंत उजवं मनगट ठणकायला लागतं. बॉनेट उघडून पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची डबी पाहिली. नवं तेल लालसर, पातळ असतं. आमच्या डबीत काकवी होती, आणि तिला जळकट वास येत होता.

या तेलाकडे सहसा कुणी बघत नाही. इंजिन ऑइल लोक न चुकता बदलतात, पण स्टिअरिंगचं तेल गाडी घेतल्यापासून तेच. इथल्या उन्हात ते लवकर म्हातारं होतं. २०१६ च्या जुलैमध्ये कुवेतच्या मित्रिबा इथे ५३.९ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं होतं, आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त असतं. तेलातले गुणकारी घटक संपतात, रबरी सीलचे कण त्यात मिसळतात, डबीच्या तळाची जाळी बुजत जाते. सील गेलं की रॅक गळायला लागतो, आणि मग खर्च मोठा. शुवेखच्या गॅरेजांत मशीन लावून हे तेल बदलून देतात. मला मात्र ते हाताने करायचं होतं. आधी वाचायला बसलो, तर दर दुसऱ्या पानावर पास्कल. तेव्हा म्हटलं, आधी याचंच चरित्र वाचू.

ब्लेझ पास्कलचा जन्म १९ जून १६२३ चा, मध्य फ्रान्समधल्या क्लेरमाँचा. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या सात वर्षं आधीचा. वडील एतिएन करविषयक न्यायालयात अधिकारी होते. ब्लेझ तीन वर्षांचा असताना आई गेली. थोरली बहीण जिल्बेर्त, धाकटी जाकलीन. वडिलांनी पुन्हा लग्न केलं नाही. १६३१ मध्ये मुलांना घेऊन ते पॅरिसला आले आणि मुलाला शाळेत न घालता स्वतः शिकवू लागले.

वडिलांची एक गंमत होती. स्वतः ते चांगले गणिती, पण मुलाने आधी भाषा शिकाव्यात म्हणून गणिताची पुस्तकं त्याच्यापासून लपवून ठेवलेली. मुलापासून एखादी गोष्ट लपवली की काय होतं हे कुठल्याही आईबापाला माहीत असतं. बारा वर्षांचा ब्लेझ खेळायच्या वेळात कोळशाने फरशीवर आकृत्या काढत बसायचा. रेषेला, वर्तुळाला त्याने आपलीच नावं दिली होती. एक दिवस वडील मागे येऊन उभे राहिले तर मुलगा त्रिकोणाचे तिन्ही कोन मिळून दोन काटकोन होतात हे आपलं आपण सिद्ध करत होता. हे सगळं जिल्बेर्तने त्याच्या मृत्यूनंतर लिहून ठेवलंय. बहिणीने भावाबद्दल लिहिलेलं आहे, तेव्हा थोडं कौतुक वजा करून वाचायला हवं. पण सोळाव्या वर्षी त्याने शांकवांवर लिहिलेला छोटा निबंध १६४० मध्ये छापला गेला, ते काही बहिणीचं कौतुक नव्हे.

मधल्या काळात घरावर संकट आलं. सरकारी रोख्यांच्या प्रकरणात वडिलांनी कार्डिनल रिशल्यच्या धोरणाला विरोध केला आणि अटकेच्या भीतीने त्यांना पॅरिस सोडून पळावं लागलं. सुटका केली ती धाकट्या जाकलीनने. रिशल्यसमोर झालेल्या मुलांच्या एका नाटकात तिने काम केलं, ते त्याला आवडलं, आणि तिने तिथल्या तिथे वडिलांसाठी माफी मागून घेतली. माफी तर मिळालीच, वर नोकरीही मिळाली: नॉर्मंडीतल्या रूआँला करवसुलीचं काम. नुकतंच तिथे करांवरून बंड होऊन गेलेलं, हिशेब विस्कटलेले. वडील रात्री दोन-दोन वाजेपर्यंत आकडे बेरजा करत बसायचे आणि मुलगा मदतीला.

इथे मी वाचताना जरा थांबलो. माझे वडील सांगली जिल्ह्यात सरकारी कचेरीत होते आणि मार्चअखेरीला रजिस्टरं घरी आणायचे. उभ्या बेरजा तीनदा करायच्या, तिन्ही वेळा वेगळं उत्तर यायचं. आई चहा ठेवायची. मी तेव्हा सातवीत होतो आणि झोपायला जायचो.

पास्कल झोपायला गेला नाही. १६४२ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, त्याने वडिलांसाठी बेरीज करणारं यंत्र बनवायला घेतलं. अडचण नुसती दातेरी चाकांची नव्हती. तेव्हाचं फ्रेंच चलन म्हणजे बारा दनिएचा एक सू आणि वीस सूंचा एक लिव्र. आपल्या आजी-आजोबांना हे लगेच समजेल: बारा पयांचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया, तसलाच प्रकार. म्हणजे एक चाक बाराला फिरून हातचा देणार, दुसरं वीसला, बाकीची दहाला. शिवाय ९९९९९ मध्ये एक मिळवला तर सगळे हातचे एकापाठोपाठ एक सरकायला हवेत, आणि तेवढी सगळी चाकं एका बोटाने ढकलणं जड जातं. त्याने युक्ती केली. प्रत्येक चाक फिरता फिरता एक वजनदार आकडी थोडीथोडी वर उचलून ठेवतं, आणि हातच्याच्या क्षणी ती आकडी आपल्याच वजनाने खाली पडून पुढच्या चाकाला एक घर ढकलते. ताकद आधीच साठवलेली, ऐन वेळी फक्त सोडायची. चाकं उलटी फिरत नसल्यामुळे वजाबाकीसाठी त्याने नवाच्या पूरकाची रीत वापरली. कॉम्प्युटर आजही वजाबाकी पूरक घेऊन बेरजेनेच करतो, फक्त दोनाच्या भाषेत. परीक्षेत आम्ही ते घोकलं तेव्हा हे कुठून आलं याचा पत्ता नव्हता.

पन्नासेक नमुने करून मोडल्यावर मनासारखं यंत्र झालं. १६४५ मध्ये त्याने ते राजाच्या चॅन्सलरला अर्पण केलं आणि १६४९ मध्ये राजाकडून ते बनवायचा एकाधिकार मिळवला. धंदा मात्र चालला नाही. यंत्र महाग, बनवणारे कारागीर कमी. मोजकीच यंत्रं तयार झाली आणि त्यातली काही आज संग्रहालयांत आहेत. स्टार्टअपवाल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

याच वयात त्याची तब्येत बिघडली ती कायमची. अठराव्या वर्षानंतर एक दिवसही दुखण्यावाचून गेला नाही असं तो सांगायचा, ही जिल्बेर्तची नोंद. डोकेदुखी, पोटाचा त्रास, आणि १६४७ मध्ये पाय इतके गेले की काही काळ कुबड्या घेऊन चालावं लागलं.

आता पिचकारीकडे येतो.

स्टिअरिंगचं तेल बदलायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे डबीतलं जुनं तेल मोठ्या पिचकारीने ओढून काढायचं आणि नवं भरायचं. बायकोने फार्मसीतून साठ मिलिची सिरिंज आणली, मी मत्स्यालयाच्या दुकानातून पारदर्शक नळी आणली. नळी तेलात बुडवून दट्ट्या मागे ओढला की तेल वर येतं. का येतं? आपण म्हणतो, सिरिंजने ओढलं म्हणून. पास्कलच्या आधी दोन हजार वर्षं विद्वान मंडळीही हेच म्हणत होती, फक्त जरा भारदस्त भाषेत: निसर्गाला पोकळी सहन होत नाही, म्हणून द्रव तिथे धाव घेतो. पण विहिरीवरचा चोषण पंप पाणी सुमारे दहा मीटरच्या वर काही केल्या चढवत नाही, हे कामगारांना ठाऊक होतं. निसर्गाची भीती नेमकी दहा मीटरला कशी संपते, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. इटलीत टॉरिचेलीने १६४४ च्या सुमारास पाऱ्याची नळी उलटी करून वर रिकामी जागा करून दाखवली. ती बातमी १६४६ मध्ये रूआँला पोचली आणि पास्कल कामाला लागला.

रूआँत काच चांगली बनायची. त्याने काचेच्या पिचकाऱ्या केल्या आणि ४६ फूट लांबीच्या नळ्या ओतून घेतल्या. एवढी काच उभी करायची कशी, तर जहाजाच्या डोलकाठीला बांधून. एका नळीत पाणी, दुसरीत तांबडी वाइन. विरोधकांचं म्हणणं होतं की वरची रिकामी जागा खरी रिकामी नाही, द्रवाची वाफ तिथे भरते. वाइन तर जास्त वाफाळणारी, तेव्हा ती पाण्यापेक्षा खाली उतरायला हवी. पास्कलने त्यांच्याकडून हे आधी वदवून घेतलं आणि मग लोकांसमोर नळ्या उलट्या केल्या. वाइन पाण्यापेक्षा थोडी वर राहिली, कारण ती पाण्यापेक्षा हलकी आहे आणि बाहेरची हवा दोघांनाही सारख्याच वजनाने तोलून धरते. सलव्यात माझी सिरिंज तेलाला ओढत नव्हती. मी फक्त वाट मोकळी करत होतो, आणि तेलाला वर ढकलत होती ती कुवेतची हवा.

१६४७ च्या सप्टेंबरमध्ये देकार्त त्याला भेटायला आला. एकजण पन्नाशीचा, युरोपभर गाजलेला. दुसरा चोवीस वर्षांचा आणि आजारी. पोकळीवरून दोघांचं जमलं नाही. देकार्तने त्याला अंथरुणात पडून राहायचा आणि सूप प्यायचा सल्ला दिला, तो बहुधा त्या भेटीतला सर्वात उपयोगी भाग असावा.

पुढचा प्रयोग मला सगळ्यात जास्त आवडतो. हवेला वजन असेल तर डोंगरावर वरची हवा कमी, म्हणजे पारा खाली यायला हवा. पास्कल पॅरिसमध्ये, आणि डोंगर चढायची तब्येत नाही. त्याने गावी मेव्हण्याला, जिल्बेर्तच्या नवऱ्याला, पत्र लिहिलं. क्लेरमाँजवळ पुय द दोम नावाचा जुना ज्वालामुखी आहे, समुद्रसपाटीपासून १४६५ मीटर. मेव्हणा फ्लोराँ पेरिए नोकरीवाला माणूस, हवामानही नीट नाही, असं करता करता दहा महिने गेले. शेवटी १९ सप्टेंबर १६४८ ला तो गावातल्या काही प्रतिष्ठित मंडळींना घेऊन निघाला. पायथ्याशी मठाच्या बागेत दोन नळ्या भरल्या, दोन्हीत पारा सारखा. एक तिथेच ठेवून एका मठवासी साधूला दिवसभर बघत बसायला सांगितलं. दुसरी घेऊन वर गेले. शिखरावर पारा तीन इंचांहून जास्त खाली, आजच्या मापाने सुमारे साडेआठ सेंटिमीटर. देवळात, उघड्यावर, वाऱ्यात, पाचदा मोजलं, तेच. उतरताना मधल्या उंचीवर मोजलं तर मधलंच माप. आणि खालचा साधू म्हणाला, इथला पारा दिवसभर हलला नाही.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये पाच वर्षं काढली आहेत. एका बाजूला काही न बदलता ठेवून दुसऱ्या बाजूला एकच गोष्ट बदलायची, ही शिस्त नव्या मुलांना शिकवताना घाम फुटतो. ही गोष्ट आता मी त्यांना सांगतो, आणि मेव्हण्याकडून काम करून घ्यायला दहा महिने लागतात हे ऐकून ती हसतात.

यानंतर पास्कलने दोन छोटे ग्रंथ लिहिले, एक द्रवांच्या समतोलावर आणि दुसरा हवेच्या वजनावर. ते १६५४ च्या आसपास तयार होते. आपला पाठ्यपुस्तकातला नियम पहिल्या ग्रंथातला. पाण्याने भरलेलं बंद भांडं घ्या, त्याला दोन तोंडं, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठं. दोन्हींत घट्ट बसणारे दट्टे. लहान दट्ट्यावर एका माणसाने जोर लावला तर तो मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांना तोलतो. यात फुकट काही मिळत नाही हेही त्याने तिथेच सांगितलं. लहान दट्ट्या शंभर इंच सरकेल तेव्हा मोठा एक इंच सरकणार.

गाडीत हाच नियम थोड्या वेगळ्या रीतीने कामाला लावलेला असतो. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेल सतत फिरवत ठेवतो. चाक सरळ असताना झडप उघडी असते आणि तेल नुसतंच फिरून डबीत परत येतं. स्टिअरिंग वळवलं की झडप एक वाट आवळते, दाब चढतो आणि तेल रॅकमधल्या दट्ट्याच्या एका बाजूला ढकलतं. टायरमध्ये आपण ३२ पीएसआय हवा भरतो. इथे जागेवर चाक वळवताना दाब हजार पीएसआयच्या आसपास जातो, म्हणजे सुमारे ७० बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास ७० किलोचा भार. दट्ट्याचं क्षेत्रफळ आठ चौरस सेंटिमीटर धरलं तर साडेपाचशे किलोंचा जोर. एवढा जोर नाइट ड्युटी करून आलेल्या बाईच्या मनगटातून येत नसतो. ती फक्त झडप वळवते, जोर इंजिनचा, आणि तो पोचवायचं काम तेलाचं.

म्हणूनच त्यात हवा चालत नाही. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. तेलात बुडबुडे शिरले की दाब पुढे पोचायच्या आधी बुडबुडेच आक्रसतात, पंप रडायला लागतो आणि स्टिअरिंग झटके देतं. पास्कलचे दोन ग्रंथ, द्रवाचा आणि हवेचा, या एका डबीत एकमेकांच्या विरुद्ध उभे असतात.

आमचं काम दोन शुक्रवारी पहाटे झालं. इथे जून ते ऑगस्ट दुपारी अकरा ते चार उघड्यावर काम करायला कायद्यानेच बंदी असते, आणि मे महिनाही काही फार वेगळा नसतो. पहिल्या शुक्रवारी सिरिंजने डबी रिकामी केली, भरली, सलव्यातल्या सलव्यात एक फेरी मारली, पुन्हा तेच. डबीत एकूण तेलाच्या साधारण एक तृतीयांश मावतं. म्हणजे एका वेळेनंतर दोन तृतीयांश जुनं उरतं, दुसऱ्यानंतर ४४ टक्के, तिसऱ्यानंतर ३०, आणि सहा वेळा केलं तरी नऊ टक्के काकवी शिल्लकच. एवढा धीर नव्हता. दुसऱ्या शुक्रवारी परतीची नळी काढली, डबीचं ते तोंड बुचाने बंद केलं, नळीचं टोक रिकाम्या बाटलीत सोडलं. गाडीची पुढची चाकं स्टँडवर उचललेली, इंजिन बंद. बायको आत बसून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू वळवत होती आणि मी डबी कोरडी पडणार नाही असं नवं तेल ओतत होतो. बाटलीत आधी काळं, मग तपकिरी, मग लाल आलं. नळी परत जोडून इंजिन चालू न करता वीसेक वेळा चाक इकडून तिकडे फिरवलं, डबीतले बुडबुडे थांबेपर्यंत. मग इंजिन चालू करून पुन्हा थोडं. टोकाला चाक दाबून धरायचं नाही, तिथे दाब सर्वात जास्त असतो आणि पंप तापतो.

कुणी करणार असेल तर तेल कोणतं हे गाडीच्या पुस्तकात बघूनच घ्या. काही गाड्यांना गिअरचं लाल एटीएफ चालतं, काहींना वेगळंच लागतं, आणि चुकीचं तेल सील फुगवतं. बऱ्याच नव्या गाड्यांत स्टिअरिंगला विजेची मोटर असते, त्यांना हे तेलच नाही. जुनं तेल गटारात ओतू नका, ऑइल बदलणाऱ्या दुकानात नेऊन द्या.

पास्कलचं पुढचं आयुष्य यंत्रांपासून दूर गेलं. १६५१ मध्ये वडील वारले. पुढच्या जानेवारीत जाकलीन पोर रोयालच्या मठात जोगीण झाली. भावाची इच्छा नव्हती, वडिलोपार्जित पैशावरून दोघांत कटुताही आली. १६५४ मध्ये जुगाराचा डाव अर्धवट मोडला तर पैसे कसे वाटायचे, यावर त्याचा फर्माशी पत्रव्यवहार झाला आणि त्यातून संभाव्यतेचं गणित उभं राहिलं. त्याच वर्षी त्याने अंकांच्या त्या त्रिकोणावर लिहिलं, ज्याला जग पास्कलचा त्रिकोण म्हणतं. आपल्याकडे हलायुधाने दहाव्या शतकात पिंगलाच्या छंदशास्त्रावर लिहिताना तोच मेरुप्रस्तार म्हणून मांडला होता. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री त्याला काहीतरी तीव्र धार्मिक अनुभव आला. तो त्याने कागदावर उतरवला आणि कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. आठ वर्षं कुणाला कळलं नाही. मेल्यानंतर नोकराला तो सापडला. यानंतर त्याचं लिहिणं मुख्यतः धर्मावरचं. गणिताकडे तो एकदाच नीट वळला, १६५८ मध्ये. दाढ दुखत होती, झोप येईना, म्हणून चाकाच्या कडेवरचा बिंदू चाक फिरताना जी वक्ररेषा काढतो तिचा विचार करत बसला.

शेवटच्या वर्षी मात्र त्याने चाकांचं खरंखुरं काम केलं. पॅरिसमध्ये घोडागाडी श्रीमंतांकडेच. पास्कल आणि त्याचा मित्र ड्यूक द रोआने यांनी योजना काढली की ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळी गाड्या सोडायच्या, माणूस एक असो की गाडी रिकामी असो, आणि प्रत्येकाने फक्त आपल्या जागेचे पाच सू द्यायचे. १८ मार्च १६६२ ला पहिली गाडी सुटली. शहरातली सार्वजनिक बस म्हणावी अशी ही पहिलीच सेवा. गर्दी एवढी की लोकांना जागा मिळेना. न्यायालयाने मात्र सैनिक, नोकर आणि मजुरांना चढायला बंदी घातली, आणि काही वर्षांत सेवा बंद पडली. मजुरांसाठी नसलेली बस म्हणजे काय, हे इथे भर उन्हात थांब्यावर उभ्या राहणाऱ्या माणसांना विचारावं. पास्कलला स्वतःला त्या पैशातून काय हवं होतं? ब्लुआ भागात दुष्काळ पडला होता, तिथल्या गरिबांना पाठवायला त्याने आपल्या वाट्यातले पैसे आगाऊ मागितले होते.

जाकलीन आधीच्या ऑक्टोबरमध्ये गेली होती. १६६२ च्या उन्हाळ्यात तो फार आजारी पडला. घरात त्याने एका गरीब कुटुंबाला आसरा दिलेला, त्यांच्या मुलाला देवी आल्या. मुलाला हलवायचं की पास्कलला, असा प्रश्न आला. मुलाला हलवलं तर त्याच्या जिवाला धोका, म्हणून २९ जूनला पास्कलच घर सोडून जिल्बेर्तकडे गेला, आणि पुन्हा परत आला नाही. १९ ऑगस्टला तिथेच तो वारला. वय एकोणचाळीस. मी पुढच्या डिसेंबरात छत्तीस पूर्ण करीन.

द्रवांवरचा आणि हवेवरचा, दोन्ही ग्रंथ त्याने छापलेच नव्हते. कागद पेरिएकडे आले आणि डोंगर चढलेल्या त्याच मेव्हण्याने १६६३ मध्ये ते छापून आणले. त्यातल्या दोन दट्ट्यांच्या भांड्याचं कामाचं यंत्र व्हायला १७९५ साल उजाडलं, तेव्हा इंग्लंडात जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. मोटारीच्या स्टिअरिंगपर्यंत यायला आणखी सव्वाशे वर्षं. अमेरिकेतल्या फ्रान्सिस डेव्हिसने वाल्थम गावातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये उघड्या झडपेची युक्ती काढली आणि १९२६ च्या सुमारास आपल्या पिअर्स-ॲरो गाडीला ती बसवून दाखवली. बाजारात पहिली पॉवर स्टिअरिंगची मोटार, क्रायस्लर इम्पिरियल, १९५१ मध्ये आली. १९७१ पासून दाबाच्या एककालाच पास्कल म्हणतात. एक पास्कल म्हणजे टेबलावर सपाट ठेवलेल्या कागदाचा दाब, इतका कमी. आमच्या डबीशेजारच्या पंपातून जागेवर चाक वळवताना सुमारे सत्तर लाख पास्कल निघतात. बायकोची या आठवड्यात चार नाइट झाल्या, मनगटाला लावायचा पट्टा तिने काढून ठेवलाय.